चिवट रोटीचा रविवार

प्रयागबाईचा उजवा हात दिवाळीनंतर गेला. गेला म्हणजे होता तिथंच होता, मांडीवर, निजलेल्या लेकरासारखा. फक्त उठत नव्हता. सव्वीस वर्षं त्याच हातानं तिनं हुडकेश्वरच्या घरात प्रभुभोजनाची, चर्चमध्ये मोडून सगळ्यांना वाटतात ती बेखमीर, न आंबवलेली रोटी लाटली होती. महिन्याचा पहिला रविवार आला की आदल्या दिवशी परात पुढ्यात घ्यायची आणि मळता मळता गुणगुणायची :

पीठ मळते मी देवा, तुझ्या मेजाची भाकरी
हाताले माझ्या द्यावी, जन्मभराची चाकरी

आता चाकरीच सुटली. प्रयागबाईनं चर्चला जाणं सोडलं. पाळकसाहेब सुशील दर आठवड्याला येऊन समजावत, की तारण विश्वासानं मिळतं, ती काही मजुरी नव्हे. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, कामावाचून विश्वास मेलेला, हेही तुमच्याच तोंडून ऐकलं. साहेब चहा संपवून उठत. वर गेल्यावर प्रभूनं विचारलं, काय आणलंस, तर दाखवायचं काय, या एका धास्तीनं ती झुरत होती.

हात गेल्यावरचा पहिला प्रभुभोजनाचा रविवार आला. रोटी सुनेनं, श्वेतानं केली. प्रयागबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, एक अक्षर सांगितलं नाही. मनाच्या तळाशी कुठंतरी वाटत होतं, बिघडू दे.

आणि बिघडलीच. दुपारी श्वेता परतली ती मान खाली घालून. साहेबांनी आशीर्वाद मागून रोटी मोडायला घेतली तर मोडेना. ओढली, पिळली, तरी जशीच्या तशी. पहिल्या बाकावरचे म्हातारे चंद्रभान म्हणाले, साहेब, गुडघ्यावर घ्या. सगळी मंडळी हसली. शेवटी कात्री आणावी लागली.

प्रयागबाईला घटकाभर गोड वाटलं. मग त्या गोडीचीच लाज वाटली.

"मंग, राहिलं प्रभुभोजन?"

"नाही, झालं ना. चंद्रभानकाकाले दात नाही, तुकडा गालात धरून बसले होते. डोळे पुसून राहिले होते, दरखेपेसारखे. कोणालेच काही कमी नाही पडलं, आई."

प्रयागबाई आढ्याकडे पाहत राहिली. आधी टोचलं. मग छातीवर सव्वीस वर्षं बसलेलं काहीतरी हळूच उठून गेलं. ते मेज तिच्या हातावर उभं नव्हतंच कधी.

संध्याकाळी साहेब प्याला आणि रोटीचा तुकडा घेऊन आले. तिनं हल्लीच्या सवयीनं डावा हात पुढे केला आणि झटक्यात मागे घेतला.

"डाव्या हातानं कसं घेऊ, साहेब? उजवा तं मेला."

"मंग हात लावूच नका," सुशील म्हणाले. "क्रुसावर प्रभूच्या बाजूले टांगलेल्या चोराचे तं दोन्ही हात खिळले होते. त्यानं काय दिलं असंल? मागितलं फक्त, अन् त्याले स्वर्ग भेटला. तोंड उघडा."

चिमणीच्या पिलानं चोच उघडावी तसं तिनं तोंड उघडलं. चावली, पुन्हा चावली. डोळे भरून आले आणि त्या पाण्यातूनच हसू फुटलं.

"काहून वं श्वेता, भिजवलेलं पीठ मुरू नाही दिलं?"

"तुम्ही कुठं सांगितलं?"

"नाही सांगितलं," प्रयागबाई म्हणाली. "चुकलं माझं."

पुढच्या महिन्यात ती न बोलावता परातीपाशी येऊन बसली. डाव्या बोटानं गोळा दाबून पाहिला, अजून घटकाभर राहू दे म्हणाली. वर काही दाखवायचं म्हणून नव्हे; आपलं पोट भरल्यावर बाई दुसऱ्याचं पान वाढायला घेते, तसं. आणि श्वेता लाटत असताना तिच्या ओठांवर ओवी आली, ती आपसूक बदलून :

हात नाही राहिला देवा, नाही राहिली चाकरी
तरी भरविली मले, तुझ्या मेजाची भाकरी