गाद्यांखाली वैरण

क्रांतीनं दोर सोडला आणि नाव अशी भेलकांडली की नव्या गाद्यांवर बसलेली शाहूपुरीची आठ पावणं एकदम किंचाळली.

"अगं बाई, थांबवा! आम्ही उतरतो!" नारिंगी जाकीट घातलेल्या वर्षाराणी मॅडमनी छताचा खांबच कवटाळला.

जोतीरामआबांनी बांबू रोवला, नाव परत मुरगूडच्या काठाला टेकवली. दहावीतल्या लेकीकडं त्यांनी बघितलंच नाही. पूल झाल्यापासून नावेनं जाणारा ऊस ट्रॉलीतून जात होता. नाव फोडून सरपण करायचं ठरलं होतं. सहलीची कल्पना क्रांतीची. छत, रंग, गाद्या, मोबाइलवरची जाहिरात, सगळं तिचंच. आणि आज, पहिल्याच फेरीला, ही नाव झिंगल्यागत डुलत होती!

"उसाच्या वझ्याची नाव ही," आबा पुटपुटले. "रिकामी कवा चालवलीच न्हाय की."

क्रांतीची नजर काठावर गेली. पलीकडच्या वस्तीवरच्या बायका वैरणीचे बिंडे डोक्यावर घेऊन पुलाच्या वाटेला लागल्या होत्या. चांगला कोसभराचा वळसा. नावेतून ऊस जायचा तेव्हा त्या मोळ्यांवर बसून फुकट पलीकडं जायच्या. येऊ नका असं त्यांना कुणीच म्हटलं नव्हतं. आज नाव पुन्हा पाण्यात होती, पण ती रंगवलेली बघून त्याच वळल्या होत्या.

"बयाक्काऽऽ!" तिनं काठ दणाणून सोडला. "बिंडे घेऊन आत या!"

"खुळी का काय गं?" पुढं चाललेली बयाबाई ओरडली. "पावण्यांच्या गाद्यांवर वैरण?"

"गाद्यांवर न्हाय, खाली तळात! वझं पायजे नावंला!"

बयाबाईनं पदरानं पाय पुसले, मगच आत टाकले. सहा बायका, सहा बिंडे तळात बसले. नाव चार बोटं खाली गेली आणि शहाण्यासारखी गप्प झाली. आबांनी बांबू रेटला. पाटीवर रेघ ओढावी तशी ती पाण्यातून निघाली.

निम्म्या नदीत वर्षाराणी मॅडम गादी सोडून खाली उतरल्या, बयाबाईच्या ओटीतल्या शेंगा फोडत बसल्या.

पलीकडं उतरताना बयाबाई म्हणाली, "उपकार झालं बघ, पोरी. पाय वाचलं आमचं."

 क्रांतीनं बिंड्याला हात लावला, बयाबाईच्या डोक्यावर चढवून दिला.

दुसऱ्या दिवशीची पावणं वेळेआधीच येऊन बसली.

"चला की मामा, कशाला थांबलाय?"

आबांनी दोर हातात तसाच धरून शेताच्या वाटेकडं बघितलं.

"आमची माणसं यायची हायत अजून."