शेरा 'उत्तम', पाढा अर्धवट

रेणापूर तालुक्यातल्या एका गावात ज्योत्स्ना आशाताईचं काम करते. रविवारी सकाळी ओसरीवर बसून ती गरोदर बायांसाठी आलेल्या लोहाच्या गोळ्यांच्या पट्ट्या लावत होती. सहावीत शिकणारी तिची अंजू शेजारीच बसली होती.

"अंजू, सात बाया हायेत. एकीला आठ पट्ट्या. किती लागतील गं?"

अंजूनं बोटं मोजली. मग अंगणातल्या मातीत रेघा ओढल्या. शेवटी भीतभीत म्हणाली, "चोपन्न?" आणि आईचा चेहरा बघून, "साठ?"

"बरं, चार सक किती?"

अंजू पुन्हा बोटं मोजायला लागली.

ज्योत्स्नानं उठून प्रगतिपुस्तक काढलं. गणित : अ-१. शेरा : पाढे उत्तम. खाली तिची स्वतःची सही. "मंग हे कसं काय आलं?"

पोरगी रडायला लागली. "परीक्षेच्या दिशी मॅडम पाढ्याचा तक्ता भिंतीवरच ठेवतेत. बघून लिवायचं. घरी सांगू नका म्हनल्या."

मॅडम म्हणजे अंजूची वर्गशिक्षिका सिंधु. परकी कुणी नव्हे. चार वर्षांत ती ज्योत्स्नाच्या घरातलीच झाली होती. भीमजयंतीला पंगतीत बसायची. तापात पडली तेव्हा ज्योत्स्ना दोन दिवस तिच्या उशाशी होती. परक्यानं फसवलं तर माणूस भांडतो. आपल्या माणसानं फसवलं तर तोंडून शब्द फुटत नाही!

सोमवारी मधल्या सुट्टीत ज्योत्स्ना शाळेत गेली. सिंधु खिचडीच्या खोलीपाशी उभी होती. ज्योत्स्नानं प्रगतिपुस्तक तिच्यापुढं धरलं.

"हे खोटं कामून लिवलं, मॅडम?"

सिंधुचा चेहरा उतरला. "पोरं रडतात हो पाढे म्हणताना. वर्गाचा निकालही वाईट दिसतो. आणि आता घोकंपट्टीचे दिवस राहिले नाहीत. समजलं की झालं."

"माझ्या लेकीला समजलं बी न्हाई अन् आलं बी न्हाई. तुमच्या भरवशावर मी डोळे झाकून सही करून राहिले व्हते!"

खिचडी शिजवणाऱ्या धुरपताबाई आतून बोलल्या, "मॅडम, मी अडाणी हाय. पर एक सांगते. भाकरी कशी व्हती, ते एकदा बघितलं की समजतं. मंग थापता येती काय? रोज थापावी लागती, तवा हाताला वळण पडतं. आदी समजवा, मंग रोज थोडं थोडं म्हनून घ्या. पोरगं रडलं तर घास बारीक करा. उपाशी ठेवून ताट वाढलं म्हनून लिवू नका!" मग त्या ज्योत्स्नाकडं वळल्या. "अन् बाई, तू सही केली. पोरीला एक तरी पाढा म्हन म्हनलीस का कदी?"

ज्योत्स्नानं प्रगतिपुस्तकावरची आपली सही पुन्हा बघितली. तेही खरंच होतं.

शनिवारी पालकसभा होती. सिंधु उभी राहिली. "माझ्या वर्गातल्या अकरा मुलांना पाढे येत नाहीत. मी ते तुमच्यापासून लपवलं. माझं चुकलं."

पुढच्या सोमवारपासून खिचडीच्या आधी पाढ्यांसाठी दहा मिनिटं ठरली. प्रत्येक मुलाला पाच-सहाच चिठ्ठ्या. पुढं प्रश्न, मागं उत्तर. चार येणाऱ्या, एखाद-दुसरी नवी. दोघादोघांच्या जोड्या. चुकलं तर रागावायचं नाही. उत्तर सांगायचं, म्हणून घ्यायचं आणि तीच चिठ्ठी थोड्या वेळानं पुन्हा विचारायची. घरी सांजच्याला भाकरी थापता थापता ज्योत्स्नाही विचारायची. पहिले पंधरा दिवस अंजू रोज रडकुंडीला यायची. मग हळूहळू उत्तरं जिभेवर यायला लागली. संक्रांतीच्या सुमारास तिनं फळ्यावर तीन अंकी भागाकार एका दमात सोडवला, आणि खडू हातात धरून स्वतःच चकित होऊन उभी राहिली!

त्या संध्याकाळी सिंधु बऱ्याच महिन्यांनी घरी आली. ज्योत्स्नानं चहा ठेवला. "मॅडम, पोरगी तर सुदरली. माझ्या मनाला मातर अजून येळ लागंल."

"लागू दे," सिंधु म्हणाली. "मी येत राहीन."

मंडळी, लेकराला काय येत नाही, हे लपवणं म्हणजे माया नव्हे. तो त्याचा विश्वासघात आहे! खरं सांगा, आणि मग रोज दहा मिनिटं त्याच्याजवळ बसा. गुण देणं सोपं असतं. लेकराला शिकवायला मात्र रोज शेजारी बसावं लागतं.