एकाच वर्षीचे दोघे

"पुऱ्या आत्ता नको तळूस, अरु. तो आल्यावर गरम गरम वाढ," उल्हास स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला.

"अहो, कळलं. सकाळपासून ऐकतेय. तुम्ही आधी तो शर्ट बदला," अरुंधती म्हणाली आणि कणकेवर ओलं फडकं टाकून तिनं श्रीखंडाचं भांडं फ्रिजमधून बाहेर काढलं.

जेवायला येणार होता होल्गर. कबीर ज्या क्लबकडून अमेरिकन फुटबॉल खेळायचा, त्याचा ट्रेनर. आठवडाभर तो लोकांच्या घरांवर कौलं बसवायचा आणि संध्याकाळी पोरांना खेळ शिकवायचा. त्याला घरी जेवायला बोलवायची कल्पना उल्हासची. चिंचवडला त्याचे वडील दहावीच्या परीक्षेआधी वर्गशिक्षकांना असंच काहीतरी निमित्त काढून जेवायला बोलवत. परीक्षेबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे; मास्तर दोन वाट्या श्रीखंड खाऊन जात आणि मुलाचं नाव त्यांच्या लक्षात राही, एवढंच. त्यात लाच नव्हती की काही नव्हतं, असं उल्हासचं प्रामाणिक मत होतं. जर्मनीत अठरा वर्षं काढूनही इथं ट्रेनरला कुणी असं घरी बोलवत नाही, हे त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

कबीरनं ते त्याला सांगून पाहिलं होतं. "दास माख्ट मान निश्ट, बाबा," म्हणजे असं करत नाहीत, इतकंच म्हणून तो आपल्या खोलीत गेला होता. एकोणीस वर्षांचा मुलगा. त्याला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते जर्मनमध्ये.

अरुंधतीला हा खेळ समजायला बरीच वर्षं लागली. नाव फुटबॉल, पण चेंडू नारळासारखा लांबट आणि तो हातानं फेकायचा. प्रत्येक संघात एक क्वार्टरबॅक. चेंडू आधी त्याच्या हातात येतो. अंगावर धावून येणाऱ्या धटिंगणांकडे लक्ष न देता, आपला कुठला गडी मोकळा आहे ते हेरून त्यानं क्षणात चेंडू फेकायचा. बाकी जागा पुष्कळ असतात, ही मात्र एकच. आणि यंदाच्या वसंतात मुलांच्या संघातून मोठ्यांच्या संघात दोन क्वार्टरबॅक एकदम वर गेले होते: लेनार्ट आणि कबीर. एकाच वयाचे, एकाच वर्षीचे. तेव्हापासून लेनार्ट खेळत होता आणि कबीर हेल्मेट हातात धरून कडेला उभा होता.

तुलना हा उल्हासचा धंदाच होता म्हणा ना. नेकारसुल्मच्या गाडीच्या कारखान्यात तो सीट तपासायचा. दोन सीट शेजारी शेजारी ठेवायच्या, दोन्हींवर सारखं वजन टाकायचं आणि कुठली आधी खचते ते बघायचं. घरी आल्यावर हे यंत्र बंद करायचं त्याला सुचत नसे. कबीर लहान असताना दुसऱ्या सीटवर ऊर्जा असायची, उल्हासबरोबर पुण्याहून आलेल्या भास्करची मुलगी. ती हायडेलबर्गला डॉक्टर व्हायला गेली तेव्हा ती तुलना आपोआप संपली. मग लेनार्ट आला. लेनार्टचे किती पास लागले, कबीरला संधी मिळाली असती तर किती लागले असते. लेनार्टचा हात बळकट, पण कबीरची नजर चांगली. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये एकाच वर्षी निवडलेल्या नवख्या क्वार्टरबॅकांची तुलना करणारे कार्यक्रम तो रविवारी कबीरला शेजारी बसवून बघायचा आणि त्यातून आपल्याला हवा तोच निष्कर्ष काढायचा. "बघ. पहिला निवडलेला आपटला. पाचव्या फेरीत निवडलेला वर्षभर गप्प बसून शिकला, आता तोच खेळतोय."

यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे अरुंधतीला ठाऊक होतं. बापलेक बोलायचे ते एवढंच. उल्हासची कचेरी इंग्रजीत चालायची. त्याचं जर्मन बेकरीच्या काउंटरवर सुरू होऊन तिथंच संपायचं. मुलाशी शाळेबद्दल, मित्रांबद्दल, कशाबद्दल बोलायचं ते त्याला कधी जमलंच नाही. सामन्याला जाता-येता गाडीत मात्र तो मराठीत आणि कबीर जर्मनमध्ये, असे दोघं तासभर बोलत. मागच्या सीटवर बसून ती ऐकायची आणि तिला बरं वाटायचं.

आता तेही टांगणीला लागलं होतं. कबीरला बर्लिनच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता आणि महिनाअखेर होकार कळवायचा होता. उल्हासचं म्हणणं, जवळच्या हाइलब्रॉनला कॉलेज असताना बर्लिन कशाला? इथं राहिला तर क्लब सुटणार नाही; पुढच्या वर्षी लेनार्टची जागा मिळेल. कबीर हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. अरुंधतीला क्लबचं काही पडलं नव्हतं. मुलगा घरात राहावा, इतकंच तिला हवं होतं.

होल्गर ठरल्या वेळेला, मिनिटाचाही फरक न करता आला. स्वतःच्या झाडाच्या चेरींची बरणी त्यानं अरुंधतीच्या हातात दिली, पुरी फुगलेली बघून ती फोडावी की कसं म्हणून कबीरकडे पाहिलं आणि मग मात्र आडवा हात मारला. अरुंधती वाढत राहिली. तो पोटावर हात ठेवून "दांके, दांके", पुरे आता, म्हणत राहिला, आणि तरी ताटात पुरी पडली की खात राहिला.

चिंचवडचे मास्तर श्रीखंड खाऊन गेले असते. पण उल्हासला धीर निघेना.

"कबीर, त्याला विचार, पुढच्या वर्षी काय विचार आहे. तू आणि लेनार्ट दोघांबद्दल विचार. मोकळेपणानं सांग म्हणावं."

"बाबा, बिट्टे," कबीर विनवणीच्या सुरात म्हणाला.

"अरे, विचार तर. आपल्याच घरात आहे तो."

होल्गर इथल्या भागातलं ठसक्याचं जर्मन बोलायचा. ते उल्हासच्या डोक्यावरून जायचं. पण असं भाषांतर कबीरला नवीन नव्हतं. शाळेत असल्यापासून तो घरमालकाचं, डॉक्टरचं, परदेशी लोकांच्या परवान्यांच्या कचेरीतल्या बाईचं बोलणं बापाला मराठीत सांगत आला होता. एरवी मराठी बोलायला कंटाळणारा मुलगा तेव्हा तेवढं बोलायचा. त्यानं पाण्याचा घोट घेतला आणि प्रश्न विचारला, अगदी जसाच्या तसा.

होल्गरनं हातातली पुरी खाली ठेवली. त्याला विचारलं होतं, म्हणून तो सांगायला लागला. बराच वेळ बोलला. अरुंधती इथल्याच बालवाडीत काम करायची. दिवसभर पोरांच्या आज्या याच बोलीत तिच्याशी बोलत. तिला शब्द न् शब्द कळत होता. लेनार्ट पुढं आहे, होल्गर म्हणाला, आणि ते हातामुळे नाही. त्याला मैदान लवकर दिसतं. कबीरला उशिरा दिसतं, एखाद्या क्षणानं, पण तो क्षणच सगळं असतं. पुढच्या वर्षीही लेनार्टच. पण लेनार्ट दोन वर्षांत मोठ्या क्लबकडे जाईल, तेव्हा कबीर इथं असला आणि रोज मेहनत घेत राहिला तर कदाचित. तो 'कदाचित' त्यानं दोनदा म्हटला. आणि दुसरी एखादी जागा घेत असेल तर मला उद्यापासून हवाय, चांगला मुलगा आहे, असंही म्हणाला.

"काय म्हणतोय?" उल्हासनं विचारलं.

कबीर ताटाकडे बघत होता. मग मान वर करून तो मराठीत म्हणाला, "लेनार्ट चांगला आहे, म्हणतो. मी नाही. मला दिसत नाही लवकर. ते शिकवून येत नाही."

"म्हणजे पुढच्या वर्षी..."

"कधीच नाही, बाबा. असं म्हणतो."

अरुंधतीचा हात वरणाच्या डावावर तसाच राहिला. तिनं मुलाकडे पाहिलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

उल्हासनं अमेरिकेतल्या त्या पाचव्या फेरीतल्या मुलाची गोष्ट इंग्रजीत सांगून पाहिली. होल्गर आदरानं ऐकून म्हणाला, तिकडे दरवर्षी शेकड्यानं मुलं येतात, माझ्याकडे दोन आहेत. हेही कबीरनं सांगितलं.  मग उल्हासनं श्रीखंडाची वाटी पाहुण्यापुढे सरकवली, "बिट्टे, बिट्टे," म्हणाला आणि जेवण होईपर्यंत यजमानासारखा हसत राहिला. ते हसणं अरुंधतीला बघवेना.

निघताना होल्गरनं बूट घालता घालता विचारलं, शनिवारी साखळी धरणारा माणूस सुट्टीवर आहे, उल्हास येईल का? मैदानाच्या कडेला दोन खांब असतात, मधे दहा यार्डांची साखळी; संघानं चेंडू तेवढा पुढं नेला की खांब उचलून पुढं न्यायचे. असली कामं खेळाडूंचे बापच करतात. कबीरनं तेही मराठीत सांगितलं आणि उल्हास लगेच हो म्हणाला. नाही म्हणायचं त्याला सुचलंच नसावं.

उल्हास आत जाऊन टीव्हीपुढे बसला. अरुंधती कबीरला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि तिनं नळ सोडला.

"तो असं नव्हता म्हणाला."

"वाइस इश," कबीर म्हणाला. माहितेय मला. मग भराभर जर्मनमध्ये बोलायला लागला. मी 'कदाचित' म्हणालो असतो तर बाबांनी दोन वर्षं धरली असती, आई. दोन वर्षं मी हाइलब्रॉनला, दर शनिवारी कडेला उभा, आणि येताना गाडीत लेनार्टचे पास. "ते मला बघतच नाहीत. लेनार्ट आणि मी असंच बघतात. लेनार्ट काढला तर मी दिसतच नाही त्यांना."

"असं नसतं रे. जीव आहे त्यांचा तुझ्यावर."

"जा," तो म्हणाला. हो, असेल. "पण तू सांगणार आहेस का त्यांना?"

 सांगितलं तर तो राहील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बापानं एकदा दोन वर्षं मोजायला सुरुवात केली की त्याला तोंडावर नाही म्हणायची या मुलाची छाती नव्हती. नाहीतर आजचं जेवण त्यानं होऊच दिलं नसतं. एक शब्द सांगायचा, आणि मुलगा घरात. तिनं पातेलं घासायला घेतलं.

शनिवारी सकाळी कबीर उठून लॅपटॉपपुढे बसला होता. सामन्याला येत नाही म्हणाला. उल्हासनं का म्हणून विचारलं नाही. "मी शब्द दिलाय," एवढंच म्हणून त्यानं गाडीच्या किल्ल्या घेतल्या. तो एकटा जायला नको म्हणून अरुंधतीही निघाली. बापलेक दोघं पुढं बसायचे, त्यामुळे सामन्याला जाताना ती आज पहिल्यांदाच पुढच्या सीटवर बसली. 

क्लबच्या लोकांनी त्याला नारिंगी जाकीट दिलं. ते पोटावर लागत नव्हतं. खांब हातात धरून तो रेषेपलीकडे उभा राहिला. चेंडू कुणाकडे चाललाय ते बघत बसायची त्याला मुभा नव्हती. पंचानं हात केला की खांब न्यायचा. तिकडे लेनार्टचं सगळं जमून येत होतं. अरुंधतीला त्या गोऱ्या, किडकिडीत मुलाचा रागही येईना. त्याचं काय चुकलं होतं?

मध्यंतराला उल्हास कठड्याशी आला. तिनं थर्मासमधला चहा ओतून दिला. तो तसाच पेला हातात धरून राहिला.

"अरु, तुला जर्मन नीट कळतं."

"हं."

"होल्गर त्या दिवशी खूप वेळ बोलत होता. कबीरनं दोन वाक्यांत सांगितलं." तो मैदानाकडे बघत होता. "अजून काही म्हणाला का तो? काहीही. थोडंसं काही."

अठरा वर्षांत त्यानं तिला जर्मनमधलं कधी काही विचारलं नव्हतं. त्यासाठी मुलगा होता. आज तो तिला विचारत उभा होता, आणि त्याला हवा असलेला शब्द तिच्या जिभेवर होता. तो दिला असता तर याचा चेहरा उजळला असता. ऑक्टोबरात कबीरची खोली रिकामी झाली नसती. आणि नाही दिला तर बर्लिनहून फोन येतील ते तिला येतील, "बाबांना देऊ?" विचारलं की दोन्हीकडे शांतता. दोघांनी बोलायचं तरी काय? 

"नाही," ती म्हणाली.

"कधीच नाही, असंच म्हणाला?"

"हो. असंच म्हणाला."

त्यानं मान डोलावली. चहा संपवला, पेला तिच्या हातात दिला. "लहान असताना छान फेकायचा गं," तो म्हणाला. "खाली अंगणात. मी धरायचो. मला कधी सांगायचं सुचलं नाही त्याला."

"आज सांगा ना घरी गेल्यावर."

"आता काय सांगायचं," उल्हास म्हणाला. "जाऊ दे बर्लिनला."

शिट्टी वाजली तसा तो परत गेला. थोड्याच वेळात लेनार्टनं चेंडू लांब फेकला, पलीकडे कुणीतरी तो झेलला आणि माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. पंचानं हात केला. उल्हासनं खांब उचलला, साखळी गवतावरून ओढत चेंडू जिथं पोचला होता तिथवर चालत गेला आणि खांब सरळ धरून उभा राहिला.