पाहुणीचं तिसरं डोकं

मी एक जुनं डोकं आहे. माणसाचं नव्हे, मित्रांनो, इंजिनाचं. डिझेलवर चालणाऱ्या एखाद्या जुन्या पिकअप गाडीचं बॉनेट उघडलंत, तर इंजिनाच्या सगळ्यांत वर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक लांबट, जड ठोकळा घट्ट आवळून बसवलेला दिसेल. त्याला सिलिंडर हेड म्हणतात. तोच मी. माझ्याखाली जाळ आणि माझ्या पोटात पाणी. जाळाने तापायचं आणि पाण्याने निवायचं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

माझा जन्म जपानमधल्या एका ओतकारखान्यात झाला. वितळलेलं बीड साच्यात ओतलं, निवू दिलं, घासलं, भोकं पाडली आणि मी तयार झालो. तिथे एका बंदरावर मासळी वाहणाऱ्या गाडीत मी पहिली वर्षं काढली. हवा थंड, रस्ते सपाट, मालक अबोल. त्याने मला कधी शाबासकी दिली नाही आणि कधी त्रासही दिला नाही. पुढे त्याने नवी गाडी घेतली. मग जुनी गाडी खोलून मला तेल चोपडलं आणि माझ्यासारख्याच शेकडो डोक्यांबरोबर कंटेनरात भरलं. त्या अंधारात मी किती दिवस होतो कोण जाणे. उघडलं तेव्हा घानाचं ऊन डोळ्यांवर आलं.

कुमासी शहरातलं सुआमे म्हणजे गाड्यांचं माहेर आणि स्मशान दोन्ही. जिवंत गाडी तिथे जोडली जाते आणि मेलेली तिथेच तोडली जाते. मला मांडून बसलेला दुकानदार दिवसभर ओरडायचा, "होम यूज! होम यूज!" म्हणजे परदेशात घरच्यासारखा जपून वापरलेला माल. सुआमेत वस्तूची याहून मोठी स्तुती नाही. ती ऐकून मी जरा फुगलोही होतो.

मला निवडलं सेरवाने. ती फिटर होती. आडव्या बांध्याची, कोपरापर्यंत काळ्या हातांची. तिने मला दोरीला टांगलं आणि पान्याने टकटक केलं. चीर गेलेलं डोकं भद्द वाजतं. मी खणखणीत वाजलो.

"ऐका नाना," ती म्हणाली, "चर्चची घंटा आहे नुसती!"

शेजारी उभे असलेले म्हातारे गृहस्थ म्हणजे नाना न्सिया, माझे नवे मालक. ते खाली मान घालून म्हणाले, "आधीची दोन्ही अशीच वाजली होती, पोरी."

"वाजली होती. मग तुम्ही त्यांना पाणी पाजलंत."

ती दोन डोकी सेरवाच्या दाराशीच पडली होती. दोन्हींच्या मधोमध चीर. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यांचं काय झालं होतं ते सांगतो. नानांच्या गाडीच्या मागच्या फळीवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत 'पाहुणी' लिहिलेलं होतं. समुद्रापलीकडून आलेली, म्हणून पाहुणी. आणि नानांच्या मुलखात पाहुणा आला की त्याला आधी पाणी देतात. तो पाणी पिईपर्यंत कुठून आलास, कशाला आलास, हेही विचारायचं नाही. विचारलं तर घराची अब्रू जाते. तेव्हा लांबून तापून आलेली गाडी अंगणात थांबली रे थांबली, की नाना हाताला फडकं गुंडाळून इंजिनात पाणी खेळवणाऱ्या रेडिएटरचं वाफा मारणारं झाकण उघडत आणि विहिरीचं गार पाणी आत ओतत. वर म्हणत, "घे बाई, दमून आलीस."

मित्रांनो, तापलेल्या काचेच्या पेल्यावर गार पाणी ओतलं तर काय होतं, ते तुमच्या आईला विचारा. बिडाचंही तेच होतं. फरक एवढाच, की पेला लगेच तडकतो आणि आम्ही रोज थोडं थोडं. सेरवाने नानांना हे कितीदा सांगितलं होतं. नाना मान डोलवत आणि म्हणत, "अगं, पाण्याने कुणी मेलंय का आजवर?"

मला गाडीवर चढवलं त्या दिवशी नानांची थोरली बहीण सुआमेत आली होती. पोकुआ तिचं नाव, पण लहानथोर सगळे तिला मामे म्हणत. गाडी नाना चालवत असले तरी ती घराण्याची होती, आणि त्या घराण्यात शब्द चालायचा मामेचा. ती सगळ्या फिटर लोकांच्या देखत म्हणाली, "न्सिया, माणसाला देव एकच डोकं देतो. तुझ्या गाडीला हे तिसरं. हेही फोडलंस, तर गाडी कोंडेम!"

कोंडेम म्हणजे भंगार. कोंडेमवाले गॅसच्या ज्योतीने गाडीचे तुकडे करतात आणि हातगाडीवर रचून नेतात. बॉनेट लावण्याआधी नानांचा हात माझ्यावर बराच वेळ राहिला.

त्यांना मूलबाळ नव्हतं. बायको जाऊन वर्षं झाली होती. पाहुणी होती म्हणून फाट्याफाट्यावर बायका केळ्यांचे घड घेऊन त्यांची वाट बघत आणि उशीर झाला की हक्काने शिव्या घालत. गाडी गेली असती तर त्यांना चिंचेखाली सोंगट्या खेळणाऱ्या म्हाताऱ्यांत जाऊन बसावं लागलं असतं. "तिथे बसलेला माणूस उठलेला मी बघितला नाही," असं ते गाडी चालवताना स्वतःशीच म्हणत. मला त्यांची फार दया यायची. आणि तरीही रोज संध्याकाळी ते मला तेच गार पाणी पाजत. फक्त आता ते आधी सगळीकडे बघून घेत, मामे जवळपास नाही ना म्हणून.

मी केळी वाहिली, कसाव्याचे कंद वाहिले, बकऱ्या वाहिल्या, अंत्यविधीच्या खुर्च्या आणि मांडव वाहिले. चढावर मी तापायचो, घरी आल्यावर थरथरायचो. हळूहळू माझ्या दोन झडपांच्या मधे, जिथे बीड सगळ्यांत पातळ असतं, तिथे केसासारखी एक चीर पडली. सकाळी इंजिन चालू केलं की मागून पांढरा धूर यायचा. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे उठायचे. नानांनी ते बघितलं आणि गाडी गुपचूप सेरवाकडे आणली.

तिने बुडबुडे बघून पाना खाली ठेवला. "चीर पडलीय. अजून केसाएवढीच आहे. सांभाळलंत तर वर्षानुवर्षं चालेल. पण आता एकदा जरी तापल्या डोक्यावर गार पाणी ओतलंत, तर संपलं."

"नाही ओतणार. शपथ."

"शपथ तोंड घेतं, नाना. पाणी हात ओततो."

खरं होतं ते. नंतरचे काही दिवस नाना हात पाठीमागे बांधून गाडीभोवती फिरत. पाहुणीला तहानेली ठेवून आपण आत जाऊन जेवतो, याची त्यांना लाज वाटायची. त्यांचं जेवण कमी झालं. मला वाटलं, हे फार दिवस टिकणार नाही.

मग तो शनिवार आला. डोंगरावरच्या माम्पाँगच्या पलीकडे एका गावात मामेची आतेबहीण वारली होती. मामे काळं वस्त्र नेसून पुढच्या सीटवर बसली. मागे घरच्या बायका, ढोल आणि खुर्च्या. माम्पाँगचा चढ म्हणजे आम्हा डोक्यांचा कर्दनकाळ. वर पोचेपर्यंत माझ्या अंगातलं पाणी खळखळत होतं. चीर ठणकत होती. जिथे विधी होता त्या घराच्या अंगणात पाहुणी थांबली, तेव्हा बॉनेटच्या फटींतून वाफ निघत होती.

घरातले पुरुष पाणी घेऊन पुढे आले. एका म्हाताऱ्याने गाडीच्या मागची अक्षरं वाचली आणि तो हसला. "वा! पाहुणी आली आणि यजमानांनी पाणी विचारलं नाही, असं नको व्हायला. द्या तिला आधी!" कुणीतरी नानांच्या हातात गार पाण्याचं भांडं दिलं. सगळं अंगण बघत होतं. परक्याच्या दारात, अंत्यविधीच्या दिवशी, पाहुणीला पाणी नाकारायचं तरी कसं? नानांनी बॉनेट उघडलं. फडकं हाताला गुंडाळलं. त्यांचे ओठ हलत होते, पण हात पुढेच येत होता. फडकं झाकणाला लागलं. मी मनात म्हटलं, झालं, संपलो. खरं सांगायचं तर, मित्रांनो, मी इतका दमलो होतो की मला त्याचं फार दुःखही वाटलं नाही.

तेवढ्यात पलीकडून मामेचा आवाज कडाडला. ती गाडीतून उतरून, सुजलेल्या पायांवर उभी होती. त्या घरची एक सून तिच्यापुढे पाण्याचा पेला घेऊन उभी होती.

"अगं, आधी बसायला दे की मला! उभ्या माणसाला पाणी देतात का कुठे? रीत शिकवलीय का नाही कुणी? आधी बसायला, मग पाणी!"

सून स्टूल आणायला धावली. आणि नानांचा हात थांबला.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी भांडं मडगार्डवर ठेवलं, फडकं खांद्यावर टाकलं आणि त्या म्हाताऱ्याकडे वळून अगदी रीतसर सांगितलं, "माफ करा, आमची पाहुणी अजून बसली नाही. जरा बसू दे तिला. मग पाणी."

"गाडी बसणार कशी?"

"बसतेय. ऐका."

सगळे ऐकू लागले. माझं तापलेलं अंग निवताना टिक टिक वाजत होतं. आतली खळखळ हळूहळू कमी होत गेली. लोक हसले आणि विधीकडे गेले. नाना तिथेच, माझ्याजवळ उभे राहिले. ढोल वाजून, रडणं होऊन, भांडं उन्हाने कोमट झाल्यावर त्यांनी झाकण उघडलं आणि पाणी थोडं थोडं करून ओतलं. मला आयुष्यात पाणी पहिल्यांदा गोड लागलं.

परतीच्या वाटेवर मामे फुरंगटून म्हणाली, "मला स्टूल मिळालं नव्हतं, तोवर याने गाडीला बसवलं!" पण ती हसत होती. नानांनी तिला विचारलं, "मामे, ही रीत मला आधी का नाही सांगितलीस?" ती म्हणाली, "रीत काय सांगायची असते? तुलाही ठाऊक होतीच. तू गाडीला माणूस समजलास, पण रीत अर्धीच केलीस."

त्यानंतर नानांनी कधी घाई केली नाही. अंगणात आले की बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "बस आता." आणि स्वतःही शेजारी बसायचे. मी त्या चिरेसकट पुष्कळ वर्षं ओढलं. पण म्हातारपण कुणाला चुकलंय? एका सकाळी, कुणाचीही चूक नसताना, ती चीर आपोआप पार फाकली. पाहुणी दुसऱ्या गाडीला बांधून सुआमेत आणली. मामेही आली, काठी टेकत.

नाना तिच्याकडे न बघताच म्हणाले, "तिसरं गेलं, मामे. तू सांगितलं होतंस."

मामेने सेरवाला विचारलं, "याने फोडलं, का ते म्हातारं झालं?"

सेरवाने माझ्यावरून बोट फिरवलं. "म्हातारं झालं, मामे."

"मग कोंडेम कशाला? म्हाताऱ्यांना कोंडेममध्ये घालायचं ठरवलं, तर पहिला नंबर माझा आणि दुसरा याचा. बघ गं दुसरं डोकं. चांगलं वाजणारं बघ." नानांनी डोळे पुसले आणि धुराला नावं ठेवली. तिथे तेव्हा धूर नव्हता.

मी आता सेरवाच्या दाराशी असतो. आधीच्या दोन डोक्यांवर एक फळी टाकून बाक केलेला होता. तो मधे वाकायचा, म्हणून मला त्याच्याखाली मधोमध सरकवलं. जन्मभर मला बसायला मिळालं नाही, आता सगळे माझ्या जिवावर बसतात. मित्रांनो, तुमच्याकडेही कष्टाने तापलेली यंत्रं असतील, जनावरं असतील, माणसं असतील. त्यांना पाणी जरूर द्या. पण आधी टेकू द्या.

नाना अजून येतात. कुणी पाणी आणलं तरी उभ्याने घेत नाहीत. आधी फळीवर माझ्या बरोबर वर टेकतात. मग पेला घेतात आणि पिण्याआधी, इकडच्या रीतीप्रमाणे, पूर्वजांसाठी दोन थेंब जमिनीवर टाकतात. ते थेंब फळीच्या फटीतून माझ्यावर पडतात. पाणी तेच, गार. आता मी निवलेला आहे. आता ते बरं वाटतं.