शेवटच्या क्रमांकाची कथा

म्हैसूरात दरवर्षी मराठी कथांची एक स्पर्धा होते. या कथा संगणकावर वाचायच्या आणि वाचकानंच पर्याय निवडत पुढं न्यायच्या. यशस्विनीनं स्पर्धेचा इतिहास लिहिला, तेव्हा आयोजक सुधींद्र म्हणाले, "भवानीबाईंची कथा गाळा. शेवटची आली होती, शिवाय अर्धी कन्नड."

"आमच्या घरी अशीच मराठी बोलतात, सर. ती राहणार."

"मग आमच्या संकेतस्थळावर हा इतिहास लावणार नाही."

"बेडा, नका लावू. मी माझ्या संकेतस्थळावर लावते."

लावून ती हूटगळ्ळीला भवानीबाईंकडे गेली. लावलेल्या इतिहासात त्यांच्या कथेखाली परीक्षकांचा शेरा होता, 'भाषा अशुद्ध'. तिनं संकोचून विचारलं, "हा काढू का?"

"कशाला? राहू दे की," भवानीबाई म्हणाल्या. "खाली लिही, यंदा पुन्हा कथा पाठवतेय. ह्याच भाषेत."