भोंग्याची दोरी

पलटणीचा मुक्काम एका ओसाड शाळेच्या वर्गात होता. रात्रभर पहारा आणि दिवसा झोप. पण भोंग्या शेजारी असताना कसली डोंबलाची झोप! तो घोरायला लागला की खिडकीच्या उरल्यासुरल्या काचा थरथरायच्या. शेवटी त्याच्या शेजारी झोपणाऱ्या सुतार नावाच्या शिपायानं वैतागून भोंग्याच्या पायाच्या अंगठ्यात दोरीचा फास अडकवला आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं. भोंग्या घोरला की सुतार हिसका द्यायचा, मग तो कूस बदलायचा.

"माझ्या बायकोनं कधी तक्रार केली नाही," भोंग्या कुरकुरायचा.

"बहिरी असेल बिचारी."

मग एका सकाळी पाणी आणायला गेलेला भोंग्या चादरीत गुंडाळूनच परत आला. गोळी कुठून आली, कुणालाच कळलं नाही. मैदानाच्या कडेला त्याला पुरून सगळ्यांनी अंग टाकलं. मनगटाची दोरी सोडायचंही त्राण सुताराला नव्हतं.

डोळा लागतो न लागतो तोच कुणीतरी घोरू लागलं. गुंगीतच सुतारानं हिसका दिला. रिकामा फास सरसरत त्याच्या छातीवर आला.

"कोण रे तो? हलवा त्याला," कोपऱ्यातून हवालदार खेकसला.

"हात लावू नका," सुतार म्हणाला. "घोरू द्या."