बिक्करसिंगाची पाळी

पान उलटता उलटता भाई निर्वैरसिंगांनी पुन्हा दाराकडे पाहिलं. दुपारी बाराला पाठावर बसायला येणारा बिक्करसिंग दीड वाजला तरी उगवला नव्हता. आणि धर्मग्रंथाचा अखंड पाठ म्हणजे अखंड. दुसरा वाचक शेजारी येऊन बसेपर्यंत, त्याच ओळीत त्याचा आवाज मिसळेपर्यंत वाचणाऱ्याने थांबायचं नाही. ना पाणी, ना कुणाला हाक.

तोंडात गुरूंची बाणी आणि मनात शिव्या! त्यांची त्यांनाच लाज वाटत होती, पण शिव्या काही थांबेनात. मेला जिलेबी हाणून पडला असेल कुठेतरी घोरत. बसून बसून पायांचं लाकूड झालं होतं. चवरी ढाळणारा म्हातारा पेंगत होता. निर्वैरसिंगांनी त्याच्याकडे बघून डोळे वटारले, भुवया नाचवल्या. म्हाताऱ्याने भक्तिभावाने हात जोडले आणि पुन्हा मान टाकली.

कर्ण्यावरून आवाज गावभर जात होता, पण ऐकतंय कोण? बायकोला जाऊन वर्ष झालं म्हणून मेहंगासिंगांनी हा पाठ ठेवला, आणि ते स्वतः अंगणात पंख्यांवरून मांडववाल्याशी भांडत होते.

एका ओळीवर घसा अडकला. पुढच्या पानावर पुन्हा. दुसऱ्याच्या घरचा दोन दिवसांचा पाठ आता आपल्याच गळ्यात तुटणार, या भीतीने त्यांना दरदरून घाम फुटला.

तेवढ्यात कुणीतरी आत येऊन माथा टेकला. मेहंगासिंगांची सून. कालच तिने विचारलं होतं, "भाईजी, मला सासूबाईंनी शिकवलंय. एक पाळी द्याल?" तेव्हा मेहंगासिंगांकडे बघत ते हसून म्हणाले होते, "बेटा, आम्ही पाचजण पुरे आहोत. तू लंगर सांभाळ."

ती शेजारी बसली, ओळीवर नजर लावली आणि हलकेच वाचू लागली. आता गप्प व्हायचं ते त्यांनी. पण ते होईनात. एक ओळ, दोन ओळी, अर्धं पान दोघांचे आवाज बरोबर चालले. तिने आवाज चढवला नाही, सोडलाही नाही. शेवटी एका शब्दावर यांचा आवाज फुटलाच नाही. तो शब्द तिने एकटीने वाचला.

भिंत धरत धरत ते बाहेर आले. समोर मेहंगासिंग तणतणत उभे.

"भाईजी, हे काय चाललंय? गाव काय म्हणेल? काल तुम्हीच तिला नको म्हणालात ना!"

निर्वैरसिंगांनी तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली. इतक्यात बिक्करसिंगाची फटफटी अंगणात शिरली.

"रेल्वेचं फाटक पडलं होतं हो! आत्ता हात धुतो, लगेच बसतो!"

निर्वैरसिंगांनी त्याचं मनगट धरून त्याला खाटेवर बसवलं.

"चहा पी," ते कसेबसे घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पाळी चालू आहे."

मग मेहंगासिंगांकडे वळून म्हणाले, "सरदारजी, सुनेचं नाव काय? पाठानंतरच्या प्रार्थनेत, अरदाशीत घ्यायला हवं."

मेहंगासिंग कर्ण्याकडे मान वर करून उभे होते.

"अमनजोत."

"अहो, पण फाटकाचं मी खरंच सांगतो," बिक्करसिंगाने परत सुरू केलं.

"गप रे जरा," मेहंगासिंग म्हणाले. "ऐकू दे."